माळ्यावरचा कोंबडा

आईच्या फोनमागे कोंबडा आरवला तेव्हा मी गॅलरीत मोजे वाळत घालत होते. पुण्यात, सहाव्या मजल्यावर, रविवारची सकाळ. एक मोजा दोरीवर गेला होता, दुसरा हातात होता. आई शेजारच्या तुळसाकाकीच्या गुडघ्याबद्दल सांगत होती, म्हणजे तुळसाकाकीला गुडघा दुखायची हौसच कशी आहे हे सांगत होती, आणि तिच्या बोलण्यामागे, जरा दाबल्यासारखा, पण पुरा, शेवटचा सूर नेहमीसारखा लांबवून, कोंबडा आरवला. मी म्हटलं, "आई, ह्या काय?" ती थांबली. एरवी बोलताना श्वास घ्यायलासुद्धा न थांबणारी बाई. मग म्हणाली, "टीव्ही आसा गो." आमचा टीव्ही बाबा गेले त्या वर्षीच्या विजेत जळला. आईने त्याच्यावर विणलेला रुमाल घातला आणि वर गणपती ठेवला. ही गोष्ट मला ठाऊक नाही असं तिला वाटलं की काय, कोण जाणे. मी म्हटलं, बरा. तिने फोन ठेवला. ओला मोजा हातात धरून मी किती वेळ उभी होते ते कळलं नाही, पण तळहात सुरकुतला होता.

आमच्या वाडीत त्या दिवशी एकही कोंबडा जिवंत असायला नको होता. वालावलच्या अलीकडे, खाडीला लागून आमची वाडी, पाचपन्नास माडांच्या आड लपलेली. त्या हिवाळ्यात आधी खाडीकाठी कावळे मेले, मग तुळसाकाकीच्या कोंबड्या माना वाकड्या करून अंगणात गोल फिरायला लागल्या आणि पडल्या. नमुने गेले, बर्ड फ्लू निघाला, पांढरे अंगरखे घातलेलं पथक आलं आणि घरोघरच्या कोंबड्या पोत्यांत भरून खड्ड्यात चुन्याखाली गेल्या. आई त्या दिवशी फोनवर म्हणाली होती, "सगळा नेल्यानी. आता सकाळ झाली ता आमका सांगतलो कोण?" मी तिची समजूत घातली होती. अगदी तज्ज्ञाच्या आवाजात घातली होती, कारण मी त्यातली तज्ज्ञ आहे. याच विषाणूवर मी नोकरी करते. तेव्हा एखाद्या बाईने मोजे वाळत घालताना ऐकलेल्या आवाजाला जितकं घाबरावं त्यापेक्षा मी जास्त घाबरले, आणि ते मला रीतसर कळत होतं.

कामाचं नाव आरएनए इंटरफिअरन्स. हे आईला सांगून काय उपयोग? गेल्या मे महिन्यात ती पडवीत रातांबे फोडत बसली होती, हात कोपरापर्यंत लाल, आणि मी शेजारी बसून फुशारकी मारत होते. म्हटलं, आई, समज, विषाणू म्हणजे आगंतुक. शरीरातल्या एका पेशीत शिरतो आणि आत उभा राहून गाऱ्हाणं घालायला लागतो. माझ्यासारखे आणखी कर म्हाराजा. पेशी बिचारी भोळी, ती म्हणते, व्हय म्हाराजा. माझं अंग घडव म्हाराजा. व्हय म्हाराजा. असं करत करत ती त्याच्या हजारो प्रती काढते आणि स्वतः फुटून मरते. आई रातांबा हातात धरून थांबली. "मगे तू काय करतंस?" मी म्हटलं, "मी मधेच बोलतंय. बारीकसो एक तुकडो पाठवतंय. तो गाऱ्हाण्यात बरोबर एका जाग्यार जावन चिकाटता, आणि पेशीच मगे ता गाऱ्हाणा तोडून टाकता." आई हसली. "मधेच बोलूक तुका ल्हानपणापासून येता," म्हणाली, आणि तिला माझं काम माझ्या साहेबांपेक्षा चांगलं कळलं.

कारण गाऱ्हाण्यात मधे बोललं तर गाऱ्हाणं फुकट जातं, हा बाबांचा नियम. वर्षातून एकदा राखणदाराला, म्हणजे घराची राखण करणाऱ्या देवाला, कोंबडा द्यायचा, आणि बाबा सातविणीखालच्या दगडासमोर उभे राहून गाऱ्हाणं घालायचे. एक वाक्य झालं की थांबायचे आणि मागे उभ्या असलेल्या आम्ही सगळ्यांनी एका सुरात म्हणायचं, व्हय म्हाराजा. कोणी खोकलं, कोणी मधे शब्द बोललं, की बाबा डोळे न उघडता पुन्हा पहिल्यापासून धरायचे. माझा आवाज खणखणीत होता. बाबांचं वाक्य संपायच्या आधीच तोंडातून व्हय म्हाराजा निघायचं, मग अर्थ कळो न कळो. बाबा नंतर डोक्यावर हात फिरवून म्हणायचे, "चेडवाचो गळो बरो आसा." त्या हाताला ताज्या रक्ताचा आणि उदबत्तीचा वास असायचा. पुढे प्रयोगशाळेत अंधाऱ्या खोलीत अंड्याखाली दिवा धरून मी पाहायला लागले, कवचातून लाल धाग्यांसारख्या शिरा आणि मधे पिल्लाचा तो काळा ठिपका हललेला दिसायचा, तेव्हा कितीतरी वेळा उगाच उदबत्तीचा वास आला आहे. विषाणू टोचलेल्या अंड्यांतला ठिपका दुसऱ्या दिवशी हलत नाही. आमचा तुकडा दिलेल्या अंड्यांत तो हलतो. पहिल्यांदा तो हलताना बघून मी खोलीतच बसकण मारली होती. पण आम्ही आपापसांत एक गोष्ट नेहमी म्हणतो, आणि छापतानाही लिहितो: विषाणू दाबला जातो, मरत नाही. तुकडा संपला की तो पुन्हा बोलायला लागतो.

दुसऱ्या दिवशी कुडाळला उतरून रिक्षा केली. रिक्षावाला सारखा आरशात बघत होता, मास्क घातलेली बाई म्हणून. वाडीत शिरताना आधी काय चुकतंय ते कळेना. सगळं जागच्या जागी होतं, माड, दगडी कुंपणाचे गडगे, तुळसाकाकीची वाळत घातलेली लुगडी. मग लक्षात आलं की पायांत काही येत नाहीये. आमच्या वाडीत चालताना पुढून कोंबडी फडफडत बाजूला व्हायची, पायाला त्याची सवय असते. आता पाय उगाच जपून पडत होता, आणि समोर कोणीच बाजूला होत नव्हतं. अंगणात सांडलेले तांदूळ तसेच पडून होते. उंबऱ्यापाशी एक बोटभर लांब गोम सावकाश चालली होती, तिलाही टोचायला कोणी उरलं नव्हतं. कोंबड्या झाकायचं बांबूचं डालगं उपडं होतं. मी पायाने जरा कलतं केलं. आत काहीच नव्हतं, वाळलेली शीट होती.

आई दारात आली. मी लांबूनच हात केला, जवळ येऊ नको. ती तरी आली. "इलंस? न सांगता कशी इलंस?" आणि मग माझ्या मास्ककडे बघून, "तोंडाक काय बांधलंस गो, डाकू कशी?" मी हसणार होते. पण तिचे डोळे लाल होते. रडून होतात तसे नाही, आतून लाल, पापण्यांच्या कडा सुजलेल्या. मी विचारलं तर म्हणाली, कांदो चिरलंय. कपाळाला हात लावला. अंग कढत होतं. त्या क्षणी मला सगळं माहीत होतं, आणि माहीत असण्याचा काडीचा उपयोग नव्हता. गेली कित्येक वर्षं मी ज्याच्याशी काचेआडून, तीन हातमोजे घालून, हवा आत ओढणाऱ्या खोलीत बोलत होते, तो माझ्या आईच्या कपाळावर बसला होता, आणि मी उघड्या हाताने त्याला हात लावला होता.

"कोंबो खंय आसा?" मी म्हटलं.

 वर बघितलं तिने. मी शिडीवरून माळ्यावर चढले. माळ्यावर काळोख असतो, फक्त एका ठिकाणी कौलांत काचेचं कौल बसवलंय, बाबांनीच बसवलेलं, त्यातून उन्हाचा एक पट्टा खाली येतो आणि सूर्य सरकेल तसा सरकतो. कोंबडा त्या पट्ट्यात उभा होता. काळोखात ठेवला की कोंबडा आरवत नाही म्हणून आईने त्याला वर नेलं असणार, आणि रविवारी सकाळी हा पट्टा त्याच्यापर्यंत सरकत आला असणार. एवढंच होतं ते. पण तो ज्या पद्धतीने उभा होता ते मला आवडलं नाही. लालभडक, पिसांवर तेल लावल्यासारखी चकाकी, मान ताठ. कोंबड्यापाशी माणूस गेलं की तो मागे सरतो, एक पाय उचलतो, निदान घशातून आवाज काढतो. हा हलला नाही. एका डोळ्याने माझ्याकडे बघत राहिला, कोणाची तरी वाट बघत असावा आणि मीच ती असावी असा. तुऱ्याच्या कडेला निळसर छटा होती. ती खूण मी चित्रांत हजारदा पाहिली आहे. ती छटा आलेला पक्षी उभा नसतो, आडवा असतो. मी मागच्या मागे शिडी उतरले, आणि उतरताना माझी पाठ त्याच्याकडे होणार नाही याची काळजी घेत होते हे खाली आल्यावर कळलं.

आईने मग सगळं सांगितलं, कारण लपवायचं ते आता दिसलं होतं. पथक यायच्या आधीच तो आजारी पडला होता, मान टाकून दोन दिवस. तिने त्याला मांडीवर घेऊन चोचीत पाणी घातलं, नाक पुसलं, पदराने. "आणि मगे तुजा औषध दिलंय," ती म्हणाली. मी म्हटलं, माझं कुठलं औषध? ती मला देव्हाऱ्यापाशी घेऊन गेली. अंगाऱ्याच्या वाटीशेजारी, कुंकवाच्या करंड्याला टेकवून, बोटाच्या पेराएवढी प्लास्टिकची नळी उभी होती. पिवळ्या टोपणाची. रिकामी.  मे महिन्यात मी सुरमई न्यायला म्हणून प्रयोगशाळेतली टाकाऊ थर्माकोलची पेटी घरी आणली होती, आम्ही कोकणातले सगळेच आणतो, बर्फ चांगला टिकतो तिच्यात. बर्फाच्या पिशवीखाली ती नळी चिकटून राहिली असणार. आईला पेटी धुताना सापडली. तिने ती जपून फ्रीजमध्ये ठेवली होती, आणि तिला वाटलं, आपल्या चेडवाने मुद्दामच घरी ठेवली असेल. "नाकात थेंब घातलंय तेच्या. सकाळी उठान उभो रवलो. तुज्यान उठलो तो, स्वप्ना."

पिवळं टोपण म्हणजे आमच्याकडे खुळा. खऱ्या तुकड्याचं टोपण हिरवं असतं. प्रयोग खरा आहे का हे बघायला सोबत एक खोटा तुकडाही बनवावा लागतो. अक्षरं तीच, तेवढीच, पण क्रम विस्कटलेला, म्हणजे तो कुठल्याच गाऱ्हाण्यावर चिकटत नाही, नुसता फिरत राहतो बडबडत. त्याला आम्ही खुळा म्हणतो. खुळा दिलेली अंडी दुसऱ्या दिवशी मेलेलीच असतात, मेली पाहिजेतच, नाहीतर आमचं काम खोटं ठरेल. आणि खरा तुकडासुद्धा असा नाकात थेंब टाकून काही करत नाही, त्याला पेशीत पोचवायलाच आमची अर्धी हयात जाते. मग वर उभं होतं ते कशाने उठलं होतं? मी आईला विचारलं, नळीत उरलेलं कुठे गेलं? ती लाजल्यासारखी झाली. "उरला ता मी घातलंय नाकात. म्हणान तर मी कोंब्याक भियालंय नाय."

मला रडू आलं, आणि राग आला, आणि दोन्ही मास्कच्या आत राहिलं. ही बाई घाबरली असती तर वाचली असती. तुळसाकाकी घाबरली, सगळी वाडी घाबरली, आणि वाचली. हीच एकटी आजारी कोंबड्याला मांडीवर घेऊन निर्धास्त बसली, कारण तिची मुलगी शिकलेली. मी म्हटलं, आई, दवाखान्यात चल, आत्ता, गोळ्या वेळेवर मिळाल्या तर बरी होशील. ती म्हणाली, येतंय. पण कोंबो राखणदाराक दिल्याशिवाय मी खंय जावचंय नाय. मी म्हटलं, मरूंदे तो कोंबो!  ती शांतपणे म्हणाली, "तुजो नवस तो. तुजो जीव आसा तेच्यात."

करोनाच्या दुसऱ्या लाटेत मी पुण्यात ऑक्सिजनवर होते. आई इकडे, गाड्या बंद. तिने तेव्हा राखणदाराला कोंबडा बोलला होता. घरच्या अंड्यातला, घरीच वाढलेला, एकरंगी लाल, तुरा न फाटलेला. असा कोंबडा काही मागितल्यावर मिळत नाही. दरवर्षी एखादा व्हायचा आणि मुंगूस न्यायचं, किंवा एखादं पांढरं पीस उगवायचं आणि तो बाद व्हायचा. हा पहिलाच पुरा उतरला होता. बोललेला कोंबडा दुसऱ्या कोणाच्या हातून गेला तर ज्याच्यासाठी बोलला त्याचं राखण सुटतं, असं आमच्याकडे धरतात. मी धरत नाही. पण मी तिला हे म्हणू शकले नाही, कारण तिच्या लाल डोळ्यांत माझ्यासाठी इतकी भीती होती, आणि स्वतःसाठी तिळाएवढी नव्हती.

तिला कोंबडा कापू दिला असता तर रक्त, पिसं, तोंडावर उडालेले शिंतोडे. तिच्याच काय, माझ्याही नाकात गेलं असतं. आणि मग वाडीच्या. मी पथकाच्या डॉक्टरांना फोन केला. हे सांगताना मला अजून बरं वाटत नाही, पण पुन्हा वेळ आली तर पुन्हा करीन. आई ऐकत होती. तिने अडवलं नाही. फक्त नळीकडे बोट करून म्हणाली, "मगे तुज्या औषधाचा काय?" मी म्हटलं, "त्या नळयेत काय नव्हता, आई. खुळा पाणी होता." तिने नळी उचलून उजेडाला धरली. "मगे कोंबो कसो उठलो?" म्हणाली.  वर माळ्यावर काहीतरी एक पाऊल सरकलं.

डॉक्टर निलेश सावंतवाडीचे, माझ्याच वयाचे. पांढरा अंगरखा, त्यात घामाघूम. त्यांना माळ्यावर चढताच कळलं की हा साधा कोंबडा नाही. सगळ्या वाड्यांत त्यांनी हेच काम केलं होतं आणि बोललेले कोंबडे कसे लपवतात हे त्यांना पाठ झालं होतं. खाली येऊन त्यांनी आईला हात जोडले. "आवशी, माफ कर." मग वर जाऊन त्यांनी मान मोडली. एवढासा आवाज झाला, वाळकी शेंग फोडल्यासारखा. मी पोतं धरलं होतं. लाल पिसं आत जाताना मी बघितली, मान लुळी पडलेली बघितली, पोत्याचं तोंड मीच आवळून बांधलं. हे मी पुन्हा पुन्हा सांगते, कारण पुढे मला त्याची गरज पडली.

रुग्णवाहिका गडग्यापर्यंत आली. आई घरातून निघाली, आणि सरळ वाटेला न लागता मागच्या बाजूला वळली, सातविणीकडे. निलेश म्हणाले, वेळ होतोय. मी म्हटलं, एकच मिनिट. काय करणार आहे ही, नमस्कार करील आणि येईल. ती दगडासमोर उभी राहिली. डोक्यावर पदर घेतला. बायका गाऱ्हाणं घालत नाहीत. तिने घातलं.

"बा राखणदारा म्हाराजा, वाटेवयल्या, शिमेवयल्या, उजेडातल्या काळोखातल्या, तुका हाक मारतंय."

ती थांबली. बाबा थांबायचे तशीच, तेवढीच. आणि माझ्या तोंडातून निघालं, "व्हय म्हाराजा."

"घरचो बाप्यो नाय, म्हणान बायलमाणूस उभी रवलंय. ता पोटात घाल."

"व्हय म्हाराजा." मला बरं वाटलं म्हणताना. खरं सांगते. तिचा आवाज तापाने फाटत होता आणि माझा त्याला खालून टेकू देत होता. सातविणीची सावली, ओलसर माती, बाबा कुठेतरी पुढेच उभे असावेत, आणि मी पाठीमागे लहान, अर्थाची जबाबदारी नसलेली.

"माज्या चेडवाचो श्वास अडाकलो तेवा तुका कोंबो बोललंय. तूच तो श्वास सोडवलंस."

"व्हय म्हाराजा."

"तो कोंबो आज सरकारान नेलो. तुका पावलो नाय. तेचो राग चेडवार धरू नको."

"व्हय म्हाराजा."

"कोंब्याच्या जाग्यार माका घे, आणि माज्या चेडवाक सुखी ठेव."

"व्हय म्हाराजा."

पोचलं ते. वाक्य संपायच्या आधीच माझा गळा तयार होता, बाबांनी नावाजलेला गळा. मग अर्थ आला. मी तोंड उघडलं, मधे बोलायला, पण आता मधे असं काही उरलं नव्हतं. गाऱ्हाणं पुरं झालं होतं. आयुष्यभर मी दुसऱ्याचं गाऱ्हाणं मधेच तोडायचं शिकले, त्याचा पगार घेते, त्याच्यावर भाषणं देते, आणि जिथे एक खोकला पुरला असता तिथे मी भोळ्या पेशीसारखी मान डोलावून हो म्हटलं होतं. आई वळली. चेहरा एकदम हलका झाला होता तिचा, बाजार उरकून आलेल्या बाईसारखा. "बरा झाला तू होतंस," म्हणाली. "एकट्यान घातलेला पावना नाय." आणि चालत जाऊन रुग्णवाहिकेत बसली.

मला तिच्याबरोबर जाऊ दिलं नाही. मीही संपर्कात आलेली, मला घरातच राहायचं, गोळ्या घ्यायच्या. तिचा अहवाल आला, तोच निघाला. मग ऑक्सिजन लावला. मग वाढवला. तुळसाकाकी गडग्यापलीकडून पेजेचं पातेलं ठेवून पळून जायची, आणि पळताना तिचा गुडघा अजिबात दुखायचा नाही. मी दिवसभर घरात फिरायचे. माझा विश्वास नाही, असं म्हणायचे. मोठ्याने म्हणायचे. ज्याच्यावर विश्वास नाही त्याच्याशी माणूस एवढं भांडतं का, हे मात्र विचारायचे नाही. वयाने साठी उलटलेली, वेळेवर औषध न मिळालेली, आकडे मला ठाऊक होते, आणि आकडे राखणदारापेक्षा दयाळू नव्हते. काचेच्या कौलाचा पट्टा माळ्यावर सरकत असेल म्हणून मी वर बघायचे नाही. तरी तो त्या कोपऱ्यापाशी पोचायच्या वेळेला माझे कान आपोआप उभे राहायचे. घर, अंगण, वाडी, खाडी, सगळीकडे एकच शांतता पसरलेली, आणि ती रिकामी नव्हती. कोणीतरी वाक्य संपवून थांबलंय आणि आता मागून उत्तर यायचंय, तेवढ्या वेळेची ती शांतता होती.

शेवटी एका दुपारी मला ते सोसेना. दवाखान्यातून सकाळी सांगितलं होतं की आई बोलत नाही, हाकेला डोळे उघडत नाही. मी सातविणीकडे गेले, मास्क लावूनच. लख्ख ऊन होतं. काय शिकलीस आणि काय करतेस, असं स्वतःला म्हणत उभी राहिले. मग म्हटलं, "बा राखणदारा म्हाराजा." आवाज परक्या बाईसारखा आला. "आवशीन जा सांगल्यान ता तापात सांगल्यान." थांबले. मागे कोणी नव्हतं. "मी व्हय म्हटलंय ता सवयीन म्हटलंय. ता परत घे." थांबले. माडाची एक झावळ कुठेतरी घासली. "तिका सोड. तुका काय होया ता माज्याकडसून घे." आणि पुन्हा थांबले, मूर्खासारखी, कारण थांबायचं असतं. एकट्याने घातलेलं पावत नाही. मला माहीत होतं की मागून काही येणार नाही. मी रडत होते आणि मास्क ओला होऊन तोंडाला चिकटला होता.

माझ्या मागे कोंबडा आरवला.

दाबलेला नाही, लांबचा नाही. पाठीमागे, जिथे उभं राहून व्हय म्हाराजा म्हणायचं असतं तिथून. पुरा, शेवटचा सूर लांबवून. मी वळले नाही. मी पोतं आवळून बांधलं होतं. मान लुळी पडलेली मी बघितली होती. वाडीत एक पक्षी उरला नव्हता, आणि उरला असेल तर तो विषाणू घेऊन फिरणारा पक्षी होता, दाबलेला, न मेलेला, आणि त्याची खबर तात्काळ द्यायची हे मीच लोकांना शिकवते. तेवढ्यात खिशात फोन वाजला. डॉक्टर निलेश.

"स्वप्नाताई, मी इथे दवाखान्यातच आहे, आमच्या लोकांच्या तपासणीला आलो होतो. म्हटलं आपणच कळवूया. आवशीने आत्ता डोळे उघडले. आत्ता, पाच मिनिटं झाली नसतील. बोलली. पेज मागितली, आणि नर्सला म्हणाली, मिठाचा खडा घाल. ऑक्सिजन कमी करतायत." त्यांचा आवाज आनंदाने चढला होता.  मी दगडाला हात टेकला, तो उन्हाने तापला होता, माणसाच्या अंगासारखा. मी आभार मानले, काय काय बोलले आठवत नाही. आणि मी बोलत असताना तो पुन्हा आरवला, अगदी जवळ, माझ्या शब्दावरून.

 पलीकडे निलेशांचा आवाज बदलला, पांढऱ्या अंगरख्यातला झाला.

"स्वप्नाताई," ते म्हणाले, "मागे कोंबडा आरवला काय?"

"टीव्ही आसा," मी म्हटलं.